आधी हात

श्रावण लांजेवारच्या रागाने पहिला माणूस मोडला, तेव्हा ते श्रावणच्या गावीही नव्हतं.

मे महिन्यातली भर दुपार होती. नागपूरबाहेरच्या नव्या विमानतळावर श्रावण आडमाप सामानाच्या खिडकीत उभा होता. काउंटरवरच्या पट्ट्यात जे मावत नाही ते सगळं या खिडकीत येतं. सतारी, सायकली, लग्नाच्या भांड्यांची खोकी, कुणाच्या आजीचा शिसवी देव्हारासुद्धा. प्रवासी ते ओट्यावर ठेवतो, श्रावण उचलून आतल्या पट्ट्यावर चढवतो आणि पुढे ते तपासणीच्या यंत्रांकडे सरकतं. बावीस वर्षं उन्हात विमानांच्या पोटात सामान कोंबल्यावर कंबरेने राम म्हटला, म्हणून साहेब लोकांनी त्याला ही सावलीतली जागा दिली होती.

त्या दिवशी एका जाडजूड गृहस्थाने चाळीस किलोचं खोकं ओट्यावर ठेवलं नाही, आपटलं. श्रावणचं बोट खाली सापडलं. वर गृहस्थच म्हणाला, "हात काढता येत नाही का बे? फुटलं असतं तं तुझ्या बापानं भरून दिलं असतं का?"

श्रावण उलट बोलला असता तर संध्याकाळी कामावरून काढलं असतं. त्याने दात आवळले, दोन्ही हातांनी खोकं गच्च धरलं आणि पट्ट्यावर चढवलं.

मिनिटभरात काचेपलीकडच्या दालनात काळ्या गणवेशातली चार पोरं धावत आली. गृहस्थ खिशात चष्मा शोधत होता. पहिल्या दांडक्याला त्याचं उजवं मनगट गेलं, दुसऱ्याला डावं. तो तोंड उघडून ओरडला, तोवर त्याच्या मानेवर गुडघा आला होता आणि त्याचं नाक फरशीवर फुटलं होतं. हाड मोडल्याचा आवाज काचेतूनही ऐकू येतो, हे श्रावणला त्या दिवशी कळलं. खोक्यात निघालं काय, तर लोणच्याच्या बरण्या.

हे सगळं घडवणाऱ्या यंत्राचं कागदोपत्री नाव भलतंच लांब होतं. लोडर मंडळी त्याला नुसतं 'नाक' म्हणत.

नाक आलं त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी समुद्रावर दोन विमानं हवेतच फुटली. त्या बॉम्बमध्ये धातू नव्हता, कुत्र्यांना कळेल असा वास नव्हता, क्ष-किरणांना दिसेल असं काही नव्हतं. मग शास्त्रज्ञांनी ठरवलं की वस्तू शोधणं पुरे झालं, आता माणूस शोधू. पुण्याहून डॉक्टर इरावती सहस्रबुद्धे नावाच्या बाई हे यंत्र घेऊन आल्या आणि त्यांनी लोडरांना एका हॉलमध्ये बसवून समजावून सांगितलं. बाईंचं मराठी इतकं शुद्ध होतं की पहिली दहा मिनिटं मंडळी तेच ऐकत बसली.

"घाम दोन तऱ्हेचा असतो," बाई म्हणाल्या. "उन्हाने येतो तो सगळ्या अंगाला येतो. तळहाताला मात्र उन्हापेक्षा मनाने येतो. परीक्षेला बसलं की हात ओले होतात, तो हा घाम."

"आमचे तं पेपरही कोरडे राह्यचे मॅडम, अन् हातही," श्रावणच्या शेजारी बसलेला हुसेन म्हणाला. हॉल हसला. बाईही हसल्या, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. माणूस घाबरला की त्याच्या घामात एका तऱ्हेची रसायनं उतरतात, चिडला की दुसरी, आणि कुणाचा तरी जीव घ्यावा असा राग आला की तिसरीच. ती सामानाच्या मुठीला, पट्ट्याला, कडांना चिकटून राहतात. नाक त्यांच्यावर गरम हवा फुंकतं, ती हवा परत ओढून घेतं आणि रेणू मोजतं. भीतीला पिवळा दिवा. तिसऱ्या रागाला लाल. हे रेणू हळूहळू उडून जातात, म्हणून राग किती तासांपूर्वीचा आहे हेही नाकाला सांगता येतं. सहा तासांनी काही उरत नाही.

"अन् घाम कोणाचा आहे, ते?" श्रावणने विचारलं होतं.

"ते शोधायला कायद्याने बंदी आहे. माणसाचा वास ही त्याची खासगी गोष्ट. नाकाला राग कळतो, माणूस कळत नाही. सामान ज्याचं, राग त्याचा, असं आपण धरतो. म्हणून तुम्ही सगळ्यांनी हे रबरी हातमोजे घालायचेच आहेत."

हातमोजे घालायचेच आहेत! सेहेचाळीस अंशात रबरी मोजे घालून काम करून बघावं एकदा कोणी. पाच मिनिटांत आत पाणी साचतं, पकड सुटते आणि तीस किलोची पेटी पायाच्या अंगठ्यावर येते. जुन्या लोडरांचा रिवाज ठरलेला होता. मोजे कंबरेला खोचायचे आणि साहेब फेरीवर आला की चढवायचे. बाकी पट्ट्यांवर त्याने काही बिघडत नव्हतं, कारण तिथे काउंटरपासून नाकापर्यंत सामानाला माणसाचा हातच लागत नव्हता. सामानाचा मालक आणि नाक यांच्यामध्ये हात होता तो एकाच खिडकीत. तो श्रावणचा हात होता, आणि उघडा होता.

काळ्या गणवेशातल्या पोरांना झडप पथक म्हणत. बॉम्बची कळ मुठीत लपवता येते, म्हणून लाल दिवा लागल्यापासून चाळीस सेकंदांत प्रवाशाचे हात निकामी करायचे, चौकशी नंतर. त्यांच्या कामाचा नियम दोनच शब्दांचा होता: आधी हात. तिकीट काढताना खाली बारीक अक्षरात प्रवासी याला मान्यता देतो. माणूस निर्दोष निघाला तर माफीचं पत्र आणि प्लास्टर फुकट. नाक आल्यापासून एकही विमान पडलं नव्हतं, त्यामुळे कुणाची फारशी तक्रारही नव्हती.

लोणच्यानंतर दोन महिन्यांनी एका सतारवाल्या मुलीचे हात गेले. पुढे एका सायकलपटूचे गेले. तेव्हा श्रावणच्या डोक्यात प्रकाश पडला. तिन्ही दिवशी तो आतून पेटलेला होता. तिन्ही सामानं त्याने उघड्या हातांनी दाबून धरली होती. त्याने आपले तळहात उलटेसुलटे करून पाहिले आणि त्याला घाम फुटला.

भला माणूस असता तर त्याच दिवशी सहस्रबुद्धे बाईंकडे गेला असता. श्रावण गेला नाही. नोकरी जाईल, आत टाकतील, पोरीचं काय होईल, अशी कारणं त्याने स्वतःला दिली, आणि ती खोटी नव्हती. पण आणखी एक गोष्ट होती. आयुष्यभर ज्याच्या हातात काही नव्हतं, त्याच्या हातात पहिल्यांदा काहीतरी आलं होतं.

मग हुसेनचे पाय गेले.

हुसेन म्हणजे श्रावणचा वीस वर्षांचा जोडीदार. एका डब्यातून जेवलेले दोघे. विमानात कंटेनर चढवणाऱ्या उचल-गाडीचा ब्रेक धरत नाही, असं हुसेनने दोनदा लिहून दिलं होतं. धावपट्टीचा मॅनेजर बक्षी म्हणाला, विमानाला उशीर नको, चालवा. तीन टनांचा कंटेनर घेऊन गाडीची फळी खाली आली आणि हुसेन गुडघ्यांपासून खाली संपला. श्रावणने त्याला ओढून काढलं तेव्हा बुटातले पाय फळीखालीच राहिले होते. चौकशीत 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं ठरलं.

चार महिन्यांनी बक्षी सुट्टीवर निघाला. गोल्फच्या काठ्यांची लांब पिशवी घेऊन तो खिडकीशी आला.

"काय लांजेवार, बरं आहे ना? आणि तो तुझा मित्र कसा आहे रे? काय बरं त्याचं नाव?"

नावही आठवत नव्हतं. श्रावणने कंबरेचे मोजे नीट मागे सारले, पिशवीच्या मुठी दोन्ही हातांनी धरल्या आणि डोळे मिटून फळी खाली येण्याचा तो आवाज ऐकला. पुरता ऐकला. मग पिशवी पट्ट्यावर ठेवली.

बक्षी धडपड करणारा निघाला. त्याने एका पोराला ढकललं. त्यामुळे मनगटांवर भागलं नाही. कोपर गेलं, जबडा गेला, दोन दात फरशीवरून घरंगळत काचेपर्यंत आले. उजवा हात तर असा चेचला की पुढे डॉक्टरांनी तीन बोटं काढून टाकली. श्रावण काचेला नाक लावून पाहत होता. खोटं कशाला सांगा, त्याला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की संध्याकाळी त्याने संत्रा बर्फीचा पुडा घेतला आणि हुसेनचं घर गाठलं.

हुसेनने सगळं ऐकून घेतलं. बर्फीला हात लावला नाही.

"मग माहे पाय आले का बे वापस?"

"तो तुह्यं नाव बी विसरला होता, हुसेन."

"विसरू दे नं. पाय गेले त्या दिवशी मले वाटलं, चला, दोस्त तं माणूस आहे आपला. आता तेही नाही राह्यलं." हुसेनने पुडा त्याच्याकडे सरकवला. "उठ. हे घेऊन जाय. अन् ते मोजे घालत जाय हाताले, नाहीतं माह्या दारात येऊ नको."

दुसऱ्या दिवसापासून श्रावण खिडकीत मोजे घालून उभा राहू लागला. आत पाणी साचो, पेटी पायावर पडो. त्यानंतर त्या खिडकीतून लाल दिवा लागला नाही. श्रावणने ते प्रकरण मनात पुरून टाकलं आणि वर दगड ठेवला.

श्रावणला एकच मुलगी होती, समीक्षा. वय एकोणीस, भालाफेकपटू. तिला पहिला भाला हुसेनने दिला होता, बांबूचा, स्वतः तासून. सात वर्षं तो तिला पहाटे गाडीवर मैदानावर नेत असे. आता पोलंडमधल्या एका सराव शिबिरासाठी देशभरातून तीन मुलींची निवड झाली, त्यात ती होती. तिथून परतणाऱ्या मुली थेट जागतिक स्पर्धेत उतरतात. तिच्या उजव्या हाताला तिची आई छाया इतकी जपायची की घरात तिला विळीवर बसू देत नसे.

निघण्याच्या आदल्या दिवशी समीक्षा हुसेनला भेटायला गेली. दुसऱ्या सकाळी आठ वाजता श्रावण बुटांच्या नाड्या बांधत होता, तेव्हा ती समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, बक्षीचे हात तुम्ही तोडले?"

छायाच्या हातातला डबा तिथेच राहिला.

"मी कायले तोडतो? त्या पथकाच्या पोट्ट्यांनी तोडले."

"हुसेनकाका काल रडत होते. पाय गेले तेव्हा नव्हते रडले."

"त्याच्यासाठीच केलं नं मी!"

"त्यांनी सांगितलं होतं करायला? तुमच्यात अन् बक्षीत काय फरक राह्यला मग?"

"तू मले नको शिकवू. इथवर कोणं आणलं तुले? सामान उचलू उचलू याच हातानं आणलं नं?"

"म्हणूनच शरम वाटते मला," समीक्षा म्हणाली. "तुमच्या हातचं काही नको."

श्रावणचा हात वर गेला. छाया मध्ये आली. तो हात पोरीच्या गालावर पडायचा तो पडला नाही, पण राग कुठेतरी जायला हवा होता. भाल्यांची नळी दारात उभी होती, माणसाहून उंच, प्लास्टिकची, आत तीन भाले. श्रावणने ती दोन्ही हातांनी आवळली, फरफटत बाहेर नेली, तिला विमानतळावर नेणाऱ्या शेजारच्या ऑटोच्या टपावर आडवी टाकली आणि नखं पांढरी होईपर्यंत दोरी ओढून बांधली. मग मागे वळून न पाहता आपल्या मोटारसायकलला किक मारून तो कामावर गेला.

राग त्याचा नेहमीसारखाच, दहा वाजेपर्यंत उतरला. अकराला पश्चात्ताप झाला. बाराला त्याने मोजे दोनदा तपासले, कुठे भोक नाही ना, कुठे फाटले नाहीत ना. मुकादमाने जेवायला सुट्टी देऊ केली, ती घेतली नाही. तिची नळी त्याला स्वतः उचलायची होती, नीट, फुलासारखी.

समीक्षा आली. डोळे सुजलेले होते. तिने नळी ओट्यावर ठेवली.

"चौदा किलो आहे. जपून."

"हाव," श्रावण म्हणाला. त्याला आणखी बोलायचं होतं. ती थांबली नाही. काचेपलीकडे पाण्याच्या नळापाशी जाऊन ती बाटली भरू लागली. दालनाच्या बाहेरच्या दारापलीकडे, जाड काचेआड छाया उभी होती, हात हलवत.

श्रावणने नळी पट्ट्यावर ठेवली. मोज्यातल्या हाताने तिला एकदा थोपटलं. नळी नाकात गेली. खिडकीतल्या छोट्या पडद्यावर तो हिरव्या दिव्याची वाट पाहत होता.

दिवा लाल लागला. खाली अक्षरं आली: 'राग. वय चार तास.'

श्रावणने आपल्या मोज्यांकडे पाहिलं, आणि बारातून चार वजा केले. आठ. ऑटोचा टप. दोरी. इतके महिने तो फक्त खिडकीतल्या हातांना जपत होता. घरातलेही हात तेच आहेत, हे त्या मूर्खाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

चाळीस सेकंद.

त्यातले चार पडद्याकडे पाहण्यात गेले होते. फोन उचलून काय सांगणार होता? तो ओट्यावर चढला आणि खिडकीतून बाहेर पडला. खांद्याला चौकट लागली, कातडं सोललं गेलं. डावीकडच्या दारातून काळे गणवेश धावत निघाले होते.

"थांबा!" तो ओरडला. "थांबा बे! तिचं नाही ते!"

लाल दिव्याखालचा प्रत्येक माणूस असंच ओरडतो. पोरं थांबली नाहीत. पहिल्याने समीक्षाच्या गुडघ्यामागे लाथ घातली. ती खाली गेली, बाटली फुटली. दुसऱ्याने तिचे केस धरून डोकं फरशीवर दाबलं. तिसऱ्याने तिचा उजवा हात बाजूला ओढून लांब केला आणि कोपरावर बूट ठेवला. चौथा होता पथकप्रमुख मानकर. त्याने दांडकं वर नेलं. जाड काचेपलीकडे छाया दोन्ही तळव्यांनी काच बडवत होती आणि आत काही ऐकू येत नव्हतं.

श्रावण धावला नाही, पडलाच. पोरीच्या हातावर छाती टेकून, आपले दोन्ही हात तिच्या मनगटाभोवती गुंडाळून. दांडकं त्याच्या डाव्या मनगटावर उतरलं. त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पण त्याने हात काढला नाही. दुसरं दांडकं त्याच जागी बसलं आणि मोज्याच्या आत काहीतरी सुटं झालं. तिसरं कानामागे लागलं.

"माही पोरगी आहे ती!" त्याच्या तोंडातून रक्त आणि शब्द एकत्र आले. "तो राग माहा आहे! माहा आहे!"

मानकरचं चौथं दांडकं वरच राहिलं. दीड वर्षात 'राग माझा नाही' असं ओरडणारे त्याने खूप ऐकले होते. 'माझा आहे' म्हणणारा हा पहिलाच होता.

पंधरा मिनिटांनी श्रावण, समीक्षा आणि मानकर एका बिनखिडकीच्या खोलीत होते. नर्सने श्रावणचे मोजे काढून टेबलावर ठेवले होते आणि डाव्या हाताला फळी बांधली होती. समीक्षाच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं, हात मागे पट्ट्याने बांधलेले होते. पण शाबूत होते. श्रावण पुन्हा पुन्हा तेवढंच पाहत होता.

"बापाने सांगितलं म्हणून मी सोडू शकत नाही," मानकर म्हणाला. "लाल तो लाल. नाव यादीत गेलं की दहा वर्षं कुठल्याच विमानात बसता येणार नाही. पंचेचाळीस मिनिटांत दार बंद होतंय."

तेवढ्यात सहस्रबुद्धे बाई आल्या. नाक बसल्यापासून त्यांचं ऑफिस वरच्याच मजल्यावर होतं. श्रावणचं सगळं बोलणं त्यांनी उभ्याने ऐकलं आणि मग खुर्ची ओढून बसल्या.

"एक मार्ग आहे," त्या म्हणाल्या. "घाम कोणाचा हे यंत्राला विचारता येत नाही. पण दोन घाम एकाच माणसाचे आहेत का, हे मला ताडून पाहता येतं. सावजी मसाला सगळ्यांकडे तोच, पण प्रमाण घराघराचं वेगळं असतं ना, तसंच रागाचं. नळीवरचा राग माझ्याकडे आहे. तुम्ही मला ताजा राग द्या." त्यांनी चाचणीचं छोटं नाक टेबलावर ठेवलं आणि एक स्वच्छ पोलादी दांडा पुढे केला. "धरा."

श्रावणने उजव्या हाताने दांडा आवळला. दिवा पिवळा लागला.

"पिवळा कसा? राग आहे नं मॅडम हा!"

"नाही. तुम्ही घाबरला आहात. भीतीचं प्रमाण वेगळं, ते ताडता येत नाही."

दुसरा दांडा. त्याने बक्षीचा चेहरा डोळ्यांपुढे आणला. पण चेहरा येईना, नुसती तीन बोटं नसलेल्या पंज्याची आकृती येई. पिवळा. तिसरा दांडा. तो मानकरकडे पाहून शिव्या पुटपुटला. पिवळाच. ज्या रागाने त्याला आयुष्यभर न बोलावता गाठलं, तो आज हाका मारून येईना.

"चिडा ना बाबा," समीक्षा म्हणाली. "रोज चिडता. आज एकदा चिडा."

"येऊन नाही राह्यला बेटा."

मानकरने घड्याळ पाहिलं आणि यादीत नाव घालायचा कागद काढला. समीक्षा बापाकडे वळून म्हणाली, "बक्षीच्या आधी कोण होतं?"

श्रावणने रिकामा हात मांडीला पुसला.

"हुसेनकाका म्हणाले, आधीही होते. दांडा धरा अन् सांगा मला. सगळ्यांचं सांगा."

त्याने चौथा दांडा धरला. सांगायला सुरुवात केली. लोणच्याचा माणूस. माहीत नव्हतं तेव्हा. सायकलवाला, पुण्याचा, शर्यतीला चालला होता. बक्षी, त्याचं तर मुद्दाम. मग तो अडकला.

"अन्?"

"सतारवाली," श्रावण म्हणाला. "तुह्याच वयाची होती. सतार ठेवली अन् 'धन्यवाद दादा' म्हणाली मले. काहीच केलं नव्हतं तिनं. मुकादम मले बोलला होता सकाळी, तो राग होता माह्या अंगात. तिच्यावर नव्हताच. मी तो तिच्या सतारीले पुसला." त्याचा श्वास जोरात चालू लागला. "बोटं धरली होती तिची त्यांनी. एक एक करून. ती ओरडत होती का हात नका तोडू, पाय तोडा. पाय तोडा म्हणत होती! अन् मी इथं उभा होतो, काचेमागं. मले दुसऱ्या महिन्यात समजलं कोणं केलं ते. समजल्यावर बी मी घरी जाऊन जेवलो. आडवा झालो. झोपलो बी, हलकट!"

शेवटचा शब्द त्याने स्वतःला घातला आणि कपाळ टेबलावर दाणकन आपटलं. परत आपटलं. मानकर उठेपर्यंत तिसऱ्यांदा आपटलं. दांडा त्याच्या मुठीतच होता, शिरा तटतटून वर आल्या होत्या.

दिवा लाल झाला.

बाईंनी दांडा हळूच त्याच्या मुठीतून सोडवून घेतला, दोन आलेख पडद्यावर एकावर एक ठेवले. रेघ रेघेवर बसली. मग त्यांनी कुणी न सांगता जुने चार आलेख उघडले. लोणचं, सतार, सायकल, गोल्फ. त्यांच्यावर नावं नव्हती. चारही त्याच रेघेवर बसले.

"सामान ज्याचं, राग त्याचा," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "हे वाक्य माझं होतं. त्या मुलीला माफीचं पत्रही माझ्याच सहीने गेलं." त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावलाच नाही. "मानकर, सोडा हिला. आणि पोलिसांना बोलवा, ह्यांच्यासाठी. मला जे सांगायचंय ते मीही त्यांना सांगेन."

समीक्षाचे हात मोकळे झाले. तिने मनगटं चोळली, उजवी मूठ उघडून मिटून पाहिली. बाहेर कुणीतरी छायाला आत सोडलं होतं. ती दारातच भिंतीला धरून उभी राहिली, नवऱ्याकडे जावं की पोरीकडे हे तिला कळेना. दार बंद व्हायला अठरा मिनिटं होती.

नळी स्पिरिटने पुसून काढली. नियमाप्रमाणे ती पुन्हा नाकातून जायला हवी होती. खिडकीत आता लोडर नव्हता. "तूच ठेव बेटा पट्ट्यावर," बाई म्हणाल्या.

श्रावण दोन शिपायांच्या मध्ये खुर्चीत बसून उघड्या दारातून पाहत होता. पोरगी आता जाईल, बस. तिचा हात वाचला, विमानही मिळेल. ती आपल्याशी बोलली नाही तरी चालेल, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

समीक्षा नळीपाशी गेली. वाकली. तिचा हात नळीपासून चार बोटांवर थांबला. तिने तळहात उलटा करून पाहिला, पॅन्टला पुसला, पुन्हा पाहिला. पुन्हा पुसला. मग ती सरळ उभी राहिली आणि वळून खोलीत आली. बापासमोर थांबली. तिचे दोन्ही तळहात ओले चमकत होते.

श्रावणला वाटलं, निरोप घ्यायला आली. त्याने उजवा हात थोडा पुढे केला.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचे मोजे द्या."

त्याला कळायला क्षणभर लागला. मग त्याने टेबलावरचे मोजे उचलले, डाव्यावरचं रक्त शर्टाला पुसलं आणि दोन्ही तिच्या हातात ठेवले. तिने ते चढवले, मनगटांपर्यंत ओढून घेतले, बाहेर जाऊन नळी उचलली आणि पट्ट्यावर ठेवली.

दिवा हिरवा लागला.